चार दिवसांत नाशिक: गोदेच्या पाण्यामागे

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "संक्रांतीच्या आठवड्यात चार दिवस नाशिकला येतोय. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा अकरावीत, त्याला किल्ल्यांचं वेड. मुलगी सहावीत. गाडी घरची. शोधून शोधून ठिकाणांची यादी केली, ती बावीसवर गेली. यातलं काय ठेवू आणि काय गाळू?"

ताई, गेली सव्वीस वर्षं मी नाशिकमध्ये पाहुणे फिरवतो आहे. तुमच्यासारखी यादी घेऊन येणारी कितीतरी कुटुंबं पाहिली. बावीसपैकी अठरा ठिकाणं ती करतातही, आणि परत जाताना विचारलं तर त्यांना आठवते फक्त पार्किंगची रांग. सुरुवातीला मीही एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवायचो. एकदा बीड जिल्ह्यातल्या एका शाळेची सहल घेऊन त्र्यंबकच्या डोंगरावर गोदेच्या उगमापाशी, गंगाद्वारला गेलो होतो. गोमुखातून पडणारी ती बारीक धार पाहून एक मुलगी म्हणाली, "एवढीच गोदावरी? मग आमच्याकडं धरणात येते ती कुठून?" तिला नीट उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता, कारण पुढची सात ठिकाणं बाकी होती. त्या दिवसापासून मी कार्यक्रम लावायची पद्धत बदलली. पाहुण्यांना आता नदीच्या वाटेनं नेतो. तुम्हालाही तेच सुचवतो.

याचं कारण जिल्ह्याच्या रचनेत आहे. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा सह्याद्रीचा पट्टा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर येवला, तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. भात, नागली, वरई सोडून तुम्ही द्राक्षात येता, द्राक्षातून कांद्यात, आणि कांद्यातून बाजरीत. ठिकाणं वेगवेगळी दिसतात, पण त्यांना बांधणारा धागा पाणीच आहे. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी याच पाण्याचा माथा. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर असेल, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगराळ भागातून वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि तिचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. तुमच्या मांजरेचं पाणीही शेवटी गोदेतच येतं. त्यामुळे सासूबाईंना सांगा, आपण परक्या नदीला चाललेलो नाही.

आता चार दिवसांचं. मुक्काम चारही रात्री एकाच ठिकाणी ठेवा, शक्यतो पंचवटीच्या बाजूला. रोज बॅगा भरण्यात अर्धा दिवस जातो आणि वयस्कर माणसांचे हाल होतात. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यानं शहरात रस्ते अधूनमधून वळवलेले असतात, द्वारका चौकातली कोंडी तर नेहमीचीच. सकाळी साडेसहाला निघायची तयारी ठेवलीत तर तुम्ही जिंकलात.

येताना शिर्डीवरून सिन्नरमार्गे या आणि अंधार पडायच्या आत सिन्नरला पोचता येईल असं बघा. तिथलं गोंदेश्वर तुमच्या यादीत आहे का, माहीत नाही. नसेल तर पहिलं ते घाला. यादवांच्या काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं हे शिवपंचायतन. मध्ये महादेवाचं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णूची छोटी देवळं, समोर नंदीमंडप, आणि हे सगळं एका उंच जोत्यावर. सिन्नर ही यादवांची देवगिरीच्या आधीची राजधानी. आपण याला सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतो, पण शिखर नीट पाहा. खालून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी रचलेल्या आहेत, ही भूमिज शैली. मुलीला खांबांवरच्या आकृत्या मोजायला लावा, तास कसा गेला कळणार नाही. उन्हं कलताना काळा दगड असा तापलेला आणि उजळ दिसतो की दिवसभराचा प्रवास अंगावरून उतरतो. दर्शनाची रांग नाही, प्रसादाची दुकानं फारशी नाहीत. सासूबाईंना जोत्याच्या चार-सहा पायऱ्या चढता आल्या तर बाकी सपाटच आहे.

भोगीचा दिवस त्र्यंबकला द्या. मात्र निघण्याआधी पंचांग उघडा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि उत्तर महाराष्ट्रातून दिंड्या येतात. ती तिथी कधीकधी संक्रांतीच्या अगदी जवळ येते. तसं झालं तर गावात गाडी शिरणार नाही. तुमच्या घरात माळकरी असतील तर मी उलट सांगेन, मुद्दाम त्याच दिवशी या. लाखोंच्या टाळांचा आवाज त्या डोंगरकड्यावर आपटून परत येतो, तो एकदा ऐकावा असा आहे. पण गुडघेदुखी आणि लहान मूल सोबत असेल तर दोन दिवस मागे-पुढे करा.

त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, अठराव्या शतकात. आतलं लिंग इतर ज्योतिर्लिंगांसारखं वर आलेलं नाही. शाळुंकेत खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू, महेश. गर्दीत क्षणभरच दिसतं, म्हणून काय पाहायचं आहे ते आधी मुलांना सांगून ठेवा. दर्शनाची रांग किंवा देणगी दर्शन, जे काही घ्याल ते देवस्थानच्या खिडकीवरूनच. गाडी लावताना कुणी 'लवकर आत सोडतो' म्हणून मागे लागला तर नमस्कार करून पुढे चला. पूजा करायची असेल तर इथले पुरोहित पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, त्यांच्या वह्यांत तुमच्या घराण्याची नोंदही सापडू शकते. पण काय पूजा, किती वेळ आणि किती दक्षिणा हे बसण्याआधी स्पष्ट बोलून घ्या, त्यात संकोच नको.

देवळातून निघाल्यावर बहुतेक लोक गाडीकडे वळतात. तुम्ही कुशावर्तावर जा. गौतम ऋषींनी गोदावरीला कुश गवतानं अडवलं ते हे ठिकाण, अशी कथा. सिंहस्थात शैव आखाड्यांचं स्नान इथे होतं आणि वैष्णवांचं नाशिकच्या रामकुंडावर. तिथून पायी दहा मिनिटांवर निवृत्तिनाथांची समाधी. ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि त्यांचे गुरूही. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाट चुकून त्यांना गहिनीनाथ भेटले, असं वारकरी सांगतात. आषाढीला इथून पालखी निघते ती तुमच्या शेजारच्या पंढरपूरला पोचते. सासूबाईंना इथे निवांत बसू द्या आणि तेवढ्या वेळात मुलांना घेऊन गंगाद्वारच्या पायऱ्या चढा. चढ खडा आहे, पण पायऱ्या बांधीव आहेत. वरून सगळं त्र्यंबक आणि मागची अंजनेरीची भिंत दिसते. त्या बीडच्या मुलीला मी तेव्हा जे सांगू शकलो नाही ते तुमच्या मुलीला तुम्ही सांगा: ही धार एकटीची नाही, खाली शेकडो ओहोळ तिला मिळतात, मग दारणा, कादवा, पुढे प्रवरा आणि कितीतरी. सगळ्यांच्या वतीनं नाव तेवढं हिचं.

मुलगा हरिहरचा हट्ट धरेल, हे मला आत्ताच दिसतं आहे. कड्यात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. माझं मत ऐका: शनिवार-रविवारी नाही, पावसात नाही, आणि आईबापांना खाली थांबवून एकट्यानं तर नाहीच. त्या पायऱ्यांवर एका वेळी एकच ओळ मावते. वरचे उतरतात, खालचे चढतात आणि मधल्यामध्ये माणसं खोबणीला धरून लटकतात. वनखातं अधूनमधून संख्येवर मर्यादा घालतं ते उगाच नाही. या फेरीत वेळही नाही. त्याऐवजी परतताना अंजनेरीच्या पायथ्याला थांबा. हनुमानाचा जन्म या डोंगरावर झाला अशी श्रद्धा आहे, आणि इथल्या कड्यांवर गिधाडं वस्तीला आहेत. या डोंगराचंच नाव मिळालेली सेरोपेजियाची एक दुर्मीळ वनस्पतीही इथे पावसाळ्यात फुलते. जानेवारीत फूल दिसणार नाही, पण दुर्बीण असेल तर गिधाड दिसू शकतं. पायथ्याजवळच नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० पासूनची, तिथलं नाण्यांचं संग्रहालय उघडं असेल तर अर्धा तास जरूर घालवा. सातवाहनांची नाणी आज पाहिलीत तर परवा त्यांच्याच काळातल्या लेण्यांत शिरताना मुलांना ओळख पटेल.

संक्रांतीचा दिवस पूर्वेला. खरं तर नदीच्या क्रमानं दुसऱ्या दिवशी शहर यायला हवं. पण संक्रांतीला रामकुंडावर स्नानाची गर्दी असते, आणि दुसरं कारण येवला आहे, ते पुढे सांगतो.

पहाटे साडेपाचला निघा. हो, थंडी असेल. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा राज्यातल्या नीचांकी आकड्यांत नेहमी असतो. पारा फार घसरला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. धुक्यात तो धूर मिसळलेला, मधून बागांच्या रांगा, असा तो रस्ता असतो. मुलांना कानटोपी, मोजे आणि एक जादा शाल. सूर्य उगवायच्या सुमाराला नांदूरमधमेश्वरच्या चापडगाव बाजूला पोचलात की पुढचे दोन-तीन तास तुमचे.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कालव्यांसाठी बंधारा घातला गेला. पाणी अडलं, गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती माजल्या आणि त्यांच्यावर पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० च्या सुरुवातीला ते रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ. म्हणजे शेतीसाठी केलेल्या कामातून आपोआप उभं राहिलेलं हे पक्ष्यांचं गाव आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे. जांभळी पाणकोंबडी आणि शेकाट्या तर अगदी जवळून दिसतात. क्रौंच दिसले तर नशीब. वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की हजारभर बदकं एकदम उठतात, आणि त्या पंखांचा आवाज पाण्यावरून येतो. गावातलीच तरुण मुलं वाटाडे म्हणून येतात, एकाला सोबत घ्याच. त्यांचं बालपण या काठावर गेलेलं आहे, पुस्तकात नाव शोधेपर्यंत ती तुम्हाला पक्ष्याचं घरटं कुठल्या बाभळीत आहे ते सांगतात. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत. सासूबाईंसाठी ही जागा उत्तम आहे, चालणं थोडं आणि बसणं भरपूर.

इथून निघायच्या आधी बंधाऱ्याकडे बघून एक गोष्ट मुलांना दाखवा. नांदूरमधमेश्वरचा जलद कालवा इथून वैजापूर, गंगापूरकडे मराठवाड्यात जातो. धरणं भरली नाहीत की नाशिककडच्या गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला सोडायचं की नाही, यावर नाशिक आणि मराठवाडा भांडतात. मी नाशिकचा, तुम्ही लातूरच्या. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुम्ही पाहिलं आहे. या काठावर उभं राहिल्यावर ते भांडण पेपरातलं राहत नाही, दोन्हीकडची तहान कळते.

निफाड, लासलगाव करत येवल्याला या. वाटेत कांद्याचे ट्रॅक्टर लागतील. लासलगाव ही कांद्याची केवढी मोठी बाजारपेठ ते वेगळं सांगायला नको, पण सणाला लिलाव बंद असतो, त्यामुळे थांबू नका. येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस, भोगी, संक्रांत आणि कर (किंक्रांत), सगळं गाव गच्चीवर असतं. पतंगाचा दोरा गुंडाळायचं त्यांचं लाकडी यंत्र म्हणजे आसारी, आपल्या फिरकीपेक्षा दांडगी. हलगी-ताशा वाजतो, घराघरांतून तिळगूळ येतो, आणि पाहुण्याला गच्चीवर बोलावलं नाही असं सहसा होत नाही. मुलाला किल्ल्याची भरपाई इथे मिळेल. नायलॉनचा मांजा घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि सकाळीच पाहिलेल्या पक्ष्यांचे पंख त्यानं कापले जातात. गाडीच्या काचाही वर ठेवा.

पैठणीचे माग त्या दिवशी बंद असण्याची शक्यता मोठी. तरी पेठेत एखाद्या विणकराच्या घरी दाखवतात, विनंती करून पाहा. काय पाहायचं ते सांगून ठेवतो. खरी हातमागाची पैठणी ओळखायची असेल तर पदर उलटा करा. काठ आणि पदर छोट्या छोट्या रंगीत कांड्यांनी, एकेक धागा शेजारच्या धाग्यात अडकवत विणलेला असतो, त्यामुळे मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो. मागे लोंबणारे धागे दिसले तर ते यंत्राचं काम. स्वस्त आहे म्हणून घ्यायला हरकत नाही, पण हातमागाच्या भावानं घेऊ नका. घाई करून घेण्यापेक्षा फक्त पाहून या, असं मी नेहमी सांगतो. एका साडीला महिना-महिना लागतो, चांगल्या भरजरी कामाला त्याहून कितीतरी जास्त.

येवल्यातलं आणखी एक ठिकाण चुकवू नका, मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ते वाक्य इथे का उमटलं हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात कळेल.

किंक्रांतीला सासूबाई लांब जायला नको म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. तो दिवस गावातच काढू. सकाळी सातला गोदाघाटावर. रामकुंडाजवळ शेंदरी, दोन बाजूंना तोंडं असलेला उंच मारुती आहे, दुतोंड्या मारुती. आमचं पूर मोजायचं माप तेच. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी गावभर फिरते. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायला सुरुवात होते. सरकारी आकडे नंतर येतात. पलीकडे नारोशंकराचं देऊळ, त्यावरची मोठी घंटा पाहा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा महाराष्ट्रातल्या बऱ्याच देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. पुढे सीतागुंफा आहे, पण आत वाकून, बसून सरकावं लागतं. सासूबाईंना बाहेरच्या वडाखाली बसवा.

काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभं केलं, काळ्या दगडाचं. रामशेजच्या डोंगरातला दगड, असं सांगतात. आतला सभामंडप इतका प्रशस्त आणि शांत आहे की तिथे कुणीही अर्धा तास बसावं. पण दारात थांबून मुलांना हेही सांगा: २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित स्त्री-पुरुष या दारांशी सत्याग्रहाला उभे राहिले. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्या लढ्याचे आधारस्तंभ होते. लढा वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि मग येवल्याची ती घोषणा झाली. काल पाहिलेली जागा आणि आजची जागा यांत ऐंशी-नव्वद किलोमीटर आणि पाच वर्षांचं अंतर आहे. पाहुणे घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं हे दोन्ही एकत्र सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण फक्त राम वनवासात इथे राहिले एवढंच सांगितलं तर पंचवटीची अर्धीच गोष्ट होते.

पूल ओलांडून जुन्या नाशकात या. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं अशी जुनी समजूत आहे. मुघलांच्या काळात गावाचं नाव गुलशनाबाद होतं. तांबट आळीत अजूनही तांब्या-पितळेवर हातोडी पडते, एखादं छोटं भांडं तिथूनच घ्या, आठवण म्हणून टिकेल. नाश्त्याला मिसळ. आमच्या मिसळीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, सोबत पापड, दही आणि बऱ्याच ठिकाणी जिलेबीसुद्धा. गावाबाहेर शेतात, चुलीवर, झोपाळ्यावर बसून खायच्या मिसळीच्या जागा आता पुष्कळ झाल्या आहेत, मुलांना आवडतात. सासूबाईंचा उपास असेल तर साबुदाणा वडा, आणि घरी न्यायला चिवडा. दुकानांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. ज्या दुकानासमोर सकाळी नऊला नाशिककर स्वतः उभे दिसतील तिथे शिरा.

दुपारनंतर पांडवलेणी. दोनेकशे पायऱ्या आहेत, सासूबाईंना पायथ्याच्या बुद्धविहारात बसवा, तो फार शांत आहे. पायथ्याशीच दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. भारतीय चित्रपटाचा हा जनक ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकमध्ये जन्मला आणि १९४४ मध्ये नाशकातच गेला. वर चोवीस लेणी आहेत आणि पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची, दोन हजार वर्षांपूर्वीची. बहुतेक लोक मूर्ती शोधतात आणि भिंतीवरची अक्षरं न पाहता उतरतात. सगळी मौज त्या अक्षरांत आहे. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, एका आईनं आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल कोरून घेतलेला. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, असं ती त्याच्याविषयी म्हणते. आणि दहा क्रमांकात त्याच्या शत्रूच्या, नहपानाच्या, जावयाचा लेख आहे, उषवदाताचा. त्यानं भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. दोन हजार महिना एक टक्का व्याजानं, एक हजार पाऊण टक्क्यानं. त्या व्याजातून भिक्खूंची वस्त्रं आणि इतर खर्च. मुद्दल कधीही मोडायचं नाही, हेही कोरलेलं. गोवर्धन आजही आहे, गंगापूर रस्त्यावरचं गाव. विणकरांकडे ठेव ठेवावी एवढी त्यांची पत होती! कालच्या येवल्यातला माग डोळ्यांपुढे असताना हा लेख वाचायला उभं राहिलात की माझं निम्मं काम होतं.

द्राक्षं आणि वाईनबद्दल थोडक्यात. सुला १९९९ मध्ये सुरू झाली आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनरी पाहायला जाणं हा त्यानंतरचा नवा रिवाज. चौघांत कुणाला घ्यायचीच असेल तर जा, नाहीतर घाई नको. त्याऐवजी दिंडोरी रस्त्याला एखाद्या बागायतदाराला विचारून मंडपाखाली उभं राहा. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल. जानेवारीत घड भरत असतात. बाग दाखवायला कुणी नाही म्हणत नाही, फक्त घडाला हात लावू नका, मण्यावरची पांढरी लव पुसली की भाव पडतो.

चौथा दिवस सप्तशृंगी गड, वणी. नाशिकहून साठ-एक किलोमीटर, दिंडोरी रस्त्यानं. शहर सोडलं की रामशेज दिसेल. मुलाला सांगा, हा बुटका किल्ला औरंगजेबाच्या फौजांनी १६८२ मध्ये वेढला आणि पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. वेळ असेल तर येताना चढा, आशेवाडीतून तासाभराचं काम आहे. हीच त्याची किल्ल्याची हौस. साल्हेरसाठी त्याला पुढच्या वर्षी पुन्हा आणा. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ते ठिकाण, आणि २०२५ मध्ये जागतिक वारशात आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. त्याला स्वतंत्र दोन दिवस हवेत, तिथे घाईनं जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

गडावर पूर्वी पायऱ्या चढण्याशिवाय मार्ग नव्हता. २०१८ पासून ट्रॉली आहे, तेव्हा सासूबाईंना देवीच्या पायाशी नेता येईल. साडेतीन शक्तिपीठांतलं हे अर्धं पीठ. कड्यात कोरलेली, अठरा हातांची देवी, मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ म्हणतात आणि ती ऐकते आहे, म्हणून. २०२२ मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर विधिपूर्वक काढला आणि मूळ रूप समोर आलं. वर्षानुवर्षं दर्शन घेतलेली माणसं त्यानंतर प्रथम गेली तेव्हा तिथेच रडताना मी पाहिली आहेत. खानदेशातली माणसं चैत्रात पायी येतात, त्यांच्यासाठी ही माहेरची देवी. गडावरून खाली सातमाळेची रांग दिसते. तिच्या दक्षिण उताराचं पाणी गोदेला जातं आणि उत्तरेचं गिरणेतून तापीला, म्हणजे एक बंगालच्या उपसागरात तर दुसरं अरबी समुद्रात.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी हे उत्तर वाचलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी. पहिने, दुगारवाडी, भावली इथली हिरवळ आणि धबधबे डोळे निववणारे आहेत, पण डोंगरावरचा पाऊस तुम्हाला खाली दिसत नाही. ओढ्यातलं पाणी गढूळ झालं किंवा त्यात काटक्या-पानं वाहायला लागली की तिथेच सगळं टाकून काठावर चढा. ओढा ओलांडून पलीकडे गेलेली माणसं रात्रभर अडकलेली मी पाहिली आहेत, आणि सगळीच परत आली नाहीत. रंगपंचमीला येणाऱ्यांनी जुन्या नाशकातली रहाड बघावी, पेशवेकालीन हौद त्या दिवशी उघडतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात.

परतीचा रस्ता तुम्ही सिन्नरचाच धरला असेल. वेळ असेल तर बदला. येवला, वैजापूर, गंगापूर करून पैठणला या आणि तिथून बीडमार्गे लातूर. थोडा वळसा पडेल. पैठणला एकनाथांच्या समाधीचं दर्शन घ्या. हेच सातवाहनांचं प्रतिष्ठान, त्या लेण्यातल्या आईच्या मुलाची राजधानी, आणि तुम्ही पाहिलेल्या साडीला जिनं नाव दिलं ती पेठ. मग जायकवाडीच्या बंधाऱ्यावर गाडी थांबवा. समोर नाथसागर पसरलेला असेल. भोगीच्या सकाळी गंगाद्वारला पाहिलेली धार त्यात आहे, हे मुलीला सांगायची गरज पडणार नाही.